फादर थॉमस स्टीफन्स : श्रद्धेची कसोटी आचरणात

‘ख्रिस्तपुराण’ हे नाव मराठी ख्रिस्ती माणसाला नवे नाही. मराठी भाषेची थोरवी गाणाऱ्या त्यातील ओव्या आपल्यापैकी अनेकांनी वाचल्या असतील, काहींना त्या पाठही असतील. मात्र ओव्या जितक्या परिचित आहेत, तितका त्यांचा कर्ता आपल्याला परिचित नाही. इंग्लंडमध्ये जन्मलेले एक येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात आले, येथील भाषा शिकले आणि त्यांनी पुराण रचले, एवढ्यावर आपली माहिती बहुधा थांबते.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे चरित्र आज आम्ही एका प्रश्नाच्या अनुरोधाने वाचकांपुढे ठेवीत आहोत. माणूस अंतःकरणात जे मानतो, त्याचा त्याच्या हातून घडणाऱ्या गोष्टींशी नेमका संबंध काय असतो? श्रद्धा माणसाला घराबाहेर काढते, समुद्र ओलांडायला लावते, तुरुंगवास सोसण्याचे बळ देते, हे आपण जाणतो. पण तीच श्रद्धा कधी कधी दुसऱ्याच्या दारावर घाव घालायलाही प्रवृत्त करते, हेही इतिहासाने पाहिले आहे. फादर स्टीफन्स यांच्या वाट्याला या दोन्ही गोष्टी फार जवळून पाहण्याचा योग आला. म्हणूनच त्यांचे जीवन केवळ वाङ्मयाच्या अभ्यासकांचे नसून आपल्या सर्वांच्या चिंतनाचा विषय आहे, असे आम्हांस वाटते.

बंदी घातलेली मिस्सा

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म सुमारे १५४९ साली इंग्लंडच्या विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. त्यांचे वडील व्यापारी होते. थॉमस दहा वर्षांचे होते न होते, तोच देशातील धार्मिक वातावरण पालटले. १५५८ मध्ये एलिझाबेथ राणी गादीवर आली आणि पुढच्याच वर्षी कायद्याने मिस्सा बंद झाली. रविवारी सरकारमान्य चर्चमध्ये हजर न राहणाऱ्याला १२ पेन्स दंड बसू लागला. १५७० मध्ये पोप पाचवे पायस यांनी राणीला बहिष्कृत केले. त्यानंतर कॅथलिक असणे आणि राजद्रोही असणे यांतील अंतर राज्यकर्त्यांच्या दृष्टीने जवळजवळ उरलेच नाही. १५८१ मध्ये तर दंडाची रक्कम महिन्याला २० पौंडांवर गेली. ती भरता भरता सुखवस्तू घराणीही धुळीला मिळत.

अशा काळात तरुण थॉमस यांची मैत्री टॉमस पाऊंड या गृहस्थांशी जडली. पाऊंड एकेकाळी राणीच्या दरबारातील झगमगाटात वावरणारे श्रीमंत सरदार होते. दरबारातील एका नृत्यप्रसंगी ते घसरून पडले, राणीने त्यांचा उपहास केला आणि त्या अपमानाने त्यांनी दरबार सोडला, अशी कथा सांगितली जाते. पुढे ते आपल्या पूर्वजांच्या कॅथलिक श्रद्धेकडे परतले आणि तिच्यासाठी सर्वस्व द्यायला सिद्ध झाले.

या कथेत आम्हांला एक अर्थ दिसतो. दुखावलेला अहंकार माणसाला दरबाराबाहेर नेऊ शकतो. पण पाऊंड यांनी पुढे निरनिराळ्या तुरुंगांत मिळून जवळजवळ तीस वर्षे काढली. इतकी वर्षे कोणी रुसव्याच्या बळावर तुरुंग सोसत नाही. पहिले पाऊल कशामुळेही पडो, वाट शेवटपर्यंत चालायची तर आत काहीतरी खोल रुजलेले असावे लागते.

थॉमस आणि पाऊंड या दोघांनी मिळून रोमला जाण्याचा आणि येशूसंघात प्रवेश करण्याचा बेत केला होता. काही काळ थॉमस हे पाऊंड यांच्या नोकराच्या वेषात त्यांच्याबरोबर देशात हिंडत होते. संशय येऊ नये आणि लपूनछपून राहणाऱ्या कॅथलिक कुटुंबांना भेटता यावे, हा त्यामागील हेतू. परंतु निघण्यापूर्वीच पाऊंड पकडले गेले. थॉमस निसटले आणि एकटेच रोमला पोचले. २० ऑक्टोबर १५७५ रोजी त्यांनी सेंट अँड्र्यूच्या नवशिष्यालयात प्रवेश केला.

आपला मित्र तुरुंगात आणि आपण मोकळे, ही टोचणी त्यांच्या मनातून गेली नाही. १५७८ मध्ये त्यांनी येशूसंघाच्या प्रमुखांकडे विनंती केली, की पाऊंड यांना तुरुंगात असतानाच संघात सामील करून घ्यावे. ती मान्य झाली. ज्या माणसाने नवशिष्यालयाचा उंबरठाही पाहिला नव्हता, तो इंग्लंडच्या कोठडीत बसून येशूसंघीय झाला. राणीच्या मृत्यूनंतर अखेरीस पाऊंड यांची सुटका झाली, पण हे दोन मित्र या जगात पुन्हा भेटले नाहीत.

सहा महिने समुद्रावर

इंग्लंडमध्ये परत जाणे म्हणजे बहुधा मृत्यूला सामोरे जाणे, हे त्या काळच्या प्रत्येक इंग्रज येशूसंघीयाला ठाऊक होते. १५८१ च्या डिसेंबरात फादर एडमंड कॅम्पियन यांना लंडनमध्ये फाशी देण्यात आली. थॉमस यांनी मात्र भारताची वाट धरली. संत फ्रान्सिस झेव्हियर यांना कालवश होऊन तेव्हा पाव शतक उलटले होते आणि त्यांची भारतातून आलेली पत्रे युरोपभर वाचली जात होती.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनच्या बंदरातून पाच जहाजांचा तांडा निघाला. तोफांची सलामी झाली, कर्णे वाजले. केप ऑफ गुड होप ओलांडल्यावर त्यांच्या जहाजाने मादागास्करच्या बाहेरून जाणारा लांबचा मार्ग घेतला. ताजे अन्न संपले, पाणी नासले, स्कर्व्हीने माणसांच्या हिरड्या सुजू लागल्या आणि अंगातले त्राण गेले. दीडशेहून अधिक प्रवासी आजारी पडले आणि त्यांपैकी सत्तावीस जण दगावले. त्या काळच्या मानाने हे नुकसान थोडे समजले गेले, अशी नोंद थॉमस यांनीच केली आहे. २४ ऑक्टोबर १५७९ रोजी जहाज गोव्याला लागले.

सतराच दिवसांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी आपल्या वडिलांना सविस्तर पत्र लिहिले. वारे, प्रवाह, मासे, पक्षी, ताऱ्यांवरून दिशा ओळखण्याची रीत, सारे त्यात आले आहे. हे पत्र पुढे हॅक्लूट यांच्या प्रवासवर्णनांच्या प्रसिद्ध संग्रहात छापले गेले आणि इंग्रज व्यापाऱ्यांचे कुतूहल चाळवणाऱ्या लिखाणात त्याची गणना होते. भारतात येऊन स्थायिक झालेले ज्ञात इतिहासातील पहिले इंग्रज म्हणून फादर स्टीफन्स यांचे नाव घेतले जाते. ईस्ट इंडिया कंपनी स्थापन व्हायला तेव्हा एकवीस वर्षे अवकाश होता.

साष्टीची भूमी

१५८० मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि त्यांची रवानगी दक्षिण गोव्यातील साष्टी महालात झाली. यानंतरचे जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी याच भागात काढले. मडगावच्या महाविद्यालयाचे ते रेक्टर होते आणि साष्टीतील निरनिराळ्या गावांत त्यांनी धर्मगुरू म्हणून सेवा केली.

ही भूमी कोणत्या अवस्थेत त्यांच्या हाती आली, हे सांगितल्याशिवाय त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही. १५४३ मध्ये साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली. १५६७ च्या सुमारास साष्टीतील मंदिरे मोठ्या संख्येने पाडण्यात आली. जुने सण, जुने विधी, जुने ग्रंथ यांवर बंदी आली. कित्येक कुटुंबे आपल्या देवमूर्ती घेऊन नदीपलीकडे निघून गेली. जी राहिली त्यांतील काहींनी मनापासून, काहींनी भीतीने आणि काहींनी सवलतींसाठी बाप्तिस्मा घेतला.

म्हणजे इंग्लंडमध्ये स्वतःच्या श्रद्धेसाठी लपतछपत फिरलेला एक तरुण अशा ठिकाणी येऊन पोचला, जेथे त्याच्याच धर्माचे राज्य होते आणि लपतछपत फिरण्याची पाळी दुसऱ्यांवर आली होती. विल्टशरमध्ये मिस्सा चोरून होत होती, साष्टीत पूजा चोरून होऊ लागली होती. हे साम्य त्यांना जाणवले असेल का? त्यांनी पोर्तुगीज धोरणाविरुद्ध जाहीर आवाज उठवला, असे आम्ही म्हणू शकत नाही. ते आपल्या काळाचे होते आणि आपल्या संघाच्या शिस्तीत होते. परंतु माणसाच्या अंतःकरणाचा कौल नेहमी जाहीर शब्दांतच उमटतो असे नाही. तो त्याने निवडलेल्या कामातून उमटतो. म्हणून त्यांनी काय केले, इकडेच आपण पाहू.

१५८३ : एका वर्षाची दोन चित्रे

१५८३ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात फार महत्त्वाचे ठरले. त्या वर्षी जुलै महिन्यात फादर रुडॉल्फ अक्वाविवा हे चार येशूसंघीय सहकाऱ्यांसह कुंकळ्ळी गावात गेले. अक्वाविवा हे नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. गावात क्रूस उभारून चर्चसाठी जागा पाहावी असा त्यांचा मानस होता. त्याआधी या भागात लष्करी मोहिमा झाल्या होत्या, मंदिरे जाळली गेली होती आणि काही येशूसंघीयही त्या मोहिमांत सामील झाले होते. गावकऱ्यांच्या मनात ती आग धुमसत होती. त्यांनी शस्त्रे घेऊन या मंडळींना घेरले. पाचही येशूसंघीय मारले गेले. त्यांच्याबरोबर एक पोर्तुगीज आणि काही स्थानिक ख्रिस्ती जनही प्राणास मुकले.

आपल्या सहकाऱ्यांचे छिन्नविच्छिन्न देह परत मिळवून त्यांना मूठमाती देण्याच्या कामात फादर स्टीफन्स होते. हे हुतात्मे १८९३ मध्ये धन्यवादित घोषित झाले आणि आज आपण त्यांचा सन्मान करतो. परंतु या कथेचा दुसरा भागही सांगणे आम्हांला सत्याला धरून वाटते. पोर्तुगीज अधिकाऱ्यांनी कुंकळ्ळीच्या प्रमुख गावकऱ्यांना वाटाघाटीच्या निमित्ताने असोळणेच्या किल्ल्यात बोलावले आणि तेथे त्यांची कत्तल केली. त्यांचेही स्मारक आज कुंकळ्ळीत उभे आहे. एकाच भूमीत दोन स्मृती नांदत आहेत आणि दोन्ही रक्ताने लिहिलेल्या आहेत.

चौतीस वर्षांच्या फादर स्टीफन्स यांच्यापुढे तेव्हा दोन वाटा होत्या. मित्रांचे देह ज्याने पुरले आहेत, त्याच्या मनात सूडाची किंवा निदान तिरस्काराची भावना येणे अस्वाभाविक नव्हते. ज्या लोकांनी हे केले त्यांची भाषा ती काय आणि रीत ती काय, असे म्हणून ते पाठ फिरवू शकले असते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात त्यांनी पॅरिसमध्ये राहणाऱ्या आपल्या रिचर्ड या भावाला पत्र लिहिले. कुंकळ्ळीच्या घटनेची हकीकत त्यात आहे. आणि त्याच पत्रात त्यांनी येथील भाषांविषयीही लिहिले आहे. या भाषा अनेक आहेत, त्यांचे उच्चार कानाला अप्रिय वाटत नाहीत आणि त्यांची घडण ग्रीक व लॅटिन भाषांसारखी आहे, असे निरीक्षण त्यांनी नोंदवले. युरोपीय आणि भारतीय भाषांमधील नाते ओळखणाऱ्या अगदी सुरुवातीच्या नोंदींत विद्वान या पत्राचा समावेश करतात. ग्रीक व लॅटिन या त्या काळी युरोपातील पंडितांना सर्वश्रेष्ठ वाटणाऱ्या भाषा. ज्या भूमीत आपल्या सहकाऱ्यांचे रक्त सांडले होते, तेथील बोलीला त्यांनी त्या पंक्तीत बसवले.

वर्ष संपता संपता आणखी एक प्रसंग घडला. जॉन न्यूबेरी, राल्फ फिच, विल्यम लीड्स आणि जेम्स स्टोरी हे चार इंग्रज होर्मुझ येथे पकडले जाऊन गोव्याला आणले गेले आणि तुरुंगात पडले. त्यांच्यावर हेरगिरीचा संशय होता आणि ज्या राजवटीने स्टीफन्स यांना परागंदा केले, त्याच राजवटीची ती प्रजा होती. टॉमस पाऊंड ज्या राणीच्या तुरुंगात खितपत होते, त्याच राणीचे हे प्रजाजन. तरीही फादर स्टीफन्स त्यांच्या मदतीला धावले. जामीनदार मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा होता आणि डिसेंबरात हे कैदी बाहेर आले. यामागे शुद्ध करुणाच होती असे म्हणण्याचे कारण नाही. स्टोरी हा चित्रकार होता आणि येशूसंघीयांना चर्चच्या सजावटीसाठी त्याचा उपयोग होता, हेही खरे. माणसाचे हेतू क्वचितच एकेरी असतात. पण फिच यांनी मायदेशी परतल्यावर लिहिलेल्या वृत्तांतात आपल्या सुटकेच्या संदर्भात या धर्मगुरूंचे नाव नोंदवले आहे. कैद म्हणजे काय हे ज्याने मित्राच्या रूपाने जाणले होते, त्याने कैद्याला त्याचा पंथ विचारून मदत केली नाही.

शिष्य झालेला गुरू

पुढील तीन दशके फादर स्टीफन्स यांनी साष्टीतील लोकांमध्ये घालवली. या काळात त्यांनी कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषांवर प्रभुत्व मिळवले. हे काम वाटते तितके सोपे नव्हते. हाताशी शब्दकोश नव्हता, छापील व्याकरण नव्हते. लोकांच्या तोंडून ऐकायचे, चुकायचे, हसे होऊ द्यायचे आणि पुन्हा विचारायचे, हीच रीत. आणि मराठीतील ओवी आत्मसात करायची तर या भूमीतील संतकवींचे संस्कार पचवावे लागतात. संत एकनाथ हे त्यांचे समकालीन. १५९९ मध्ये नाथांनी पैठणला देह ठेवला, तेव्हा फादर स्टीफन्स साष्टीत वीस वर्षांचे जुने रहिवासी झाले होते.

भाषा शिकणे म्हणजे ती बोलणाऱ्यासमोर शिष्य होऊन बसणे. ज्याला आपण शिकवायला आलो, त्याच्याकडून आधी शिकावे लागते. ही नम्रता केवळ स्वभावातून आली नसावी. देवाचा शब्द देहधारी झाला, माणसांच्या बोलीत बोलला, ही आपल्या धर्माची मध्यवर्ती श्रद्धा आहे. ती ज्याने खरोखर मनावर घेतली, त्याला शेतकऱ्याची आणि कोळ्याची बोली हलकी वाटणारच नाही. फादर स्टीफन्स यांच्या बाबतीत श्रद्धेचे आचरण झाले ते असे.

१६०८ मध्ये त्यांनी रोमला येशूसंघाच्या प्रमुखांना एक पत्र लिहिले. मलबारकडे स्थानिक लिपीतील पुस्तके छापली जातात, तशी आमच्या लोकांसाठी त्यांच्या भाषेत आणि त्यांच्या लिपीत छापली जावीत, ही आपली अनेक वर्षांची इच्छा त्यांनी त्यात मांडली. अडचणही प्रांजळपणे सांगितली. युरोपीय लिपीला चोवीस अक्षरांचे खिळे पुरतात. येथील लिपीसाठी मात्र जोडाक्षरे धरून सहाशेच्या आसपास खिळे पाडावे लागतील असे दिसत होते. ही इच्छा त्यांच्या हयातीत पूर्ण झाली नाही. देवनागरीचे खिळे गोव्याच्या छापखान्यात आले नाहीत. तेव्हा त्यांनी वाट पाहत बसण्याऐवजी रोमन लिपीतच मराठी लिहिली.

पुराण मागणारे लोक

ख्रिस्तपुराण का लिहिले गेले, याचे उत्तर त्या ग्रंथाच्या आरंभीच मिळते. धर्मशिक्षणाच्या वेळी साष्टीतील नवख्रिस्ती जनांतील एकाने आपल्या पाद्री गुरूंना विचारले, की आमची जुनी पुराणे आम्हांला वर्ज्य केलीत, तर मग त्यांच्या जागी दुसरी पुराणे आम्हांला का देत नाही? वेळ घालवायला, मन रमवायला, रात्री एकत्र बसून ऐकायला आमच्यापाशी आता काहीच उरलेले नाही.

हा प्रश्न आम्हांस फार हृदयस्पर्शी वाटतो. त्यात तक्रार आहे आणि पोकळीची जाणीव आहे. माणसाच्या हातातून त्याच्या आजोबांची गोष्ट काढून घेतली आणि बदल्यात फक्त प्रश्नोत्तरांची पुस्तिका दिली, तर त्याचे मन भरत नाही. कैक मिशनऱ्यांनी हा प्रश्न ऐकला असेल आणि त्याला शंका किंवा अवज्ञा समजून गप्प बसवले असेल. फादर स्टीफन्स यांनी तो ऐकून घेतला आणि आपल्या ग्रंथाच्या दाराशी लिहून ठेवला. पुढे सुमारे अकरा हजार ओव्यांत त्यांनी त्याचे उत्तर दिले.

ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात जगाच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची जुन्या कराराची कथा ३६ अवस्वरांत येते. दुसऱ्या पुराणात प्रभू येशूचे जन्म, कार्य, दुःखसहन आणि पुनरुत्थान ५९ अवस्वरांत सांगितले आहे. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. मुक्ती, स्वामी, परमेश्वर असे ओळखीचे शब्द आपल्या तोंडून ते सहज उच्चारतात. त्या काळच्या धोरणाला धरून मूर्तिपूजेवरील टीकाही या ग्रंथात आहे आणि ती आजच्या वाचकाला खटकल्याशिवाय राहत नाही. पण ती टीका ज्या भाषेत केली त्या भाषेवर मात्र त्यांचे निखळ प्रेम होते. राज्यकर्ते ज्या संस्कृतीला पुसू पाहत होते, तिच्याच छंदात, तिच्याच उपमांत त्यांनी आपल्या जीवनातील सर्वांत पवित्र गोष्ट सांगितली. १६१६ मध्ये रायतूर येथे, इन्क्विझिशनची व वरिष्ठांची परवानगी घेऊन, हा ग्रंथ छापला गेला.

तीन वर्षांनी, १६१९ मध्ये, फादर स्टीफन्स यांनी गोव्यातच इहलोकीची यात्रा संपवली. चाळीस वर्षांत ते मायदेशी एकदाही गेले नाहीत. त्यांचे ख्रिस्ती सिद्धांतावरील कोकणी पुस्तक १६२२ मध्ये आणि कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये, म्हणजे मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. कोकणीचे ते पहिले छापील व्याकरण होय.

ग्रंथाचे पुढे काय झाले

ख्रिस्तपुराण १६४९ आणि १६५४ मध्ये पुन्हा छापले गेले. परंतु वारे फिरले. १६८४ मध्ये व्हाइसरॉयने फर्मान काढले, की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी. ज्या बोलीसाठी एका धर्मगुरूने आयुष्य वेचले, तीच बोली सत्तेला नकोशी झाली. त्या तीन छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

मग हे पुराण आपल्यापर्यंत आले कसे? ते पोचवले सामान्य श्रद्धावंतांनी. गोव्यातून मंगळूरकडे स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी आपल्या बोचक्यांबरोबर या ग्रंथाच्या हस्तलिखित प्रती नेल्या. पिढ्यान्‌पिढ्या त्या उतरवून घेतल्या, घरी आणि चर्चमध्ये वाचल्या. त्याच हस्तलिखितांच्या आधारे जोसेफ साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूर येथे रोमन लिपीतील आवृत्ती प्रसिद्ध केली. लंडनमधील मार्सडेन संग्रहात देवनागरी लिपीतील एक हस्तलिखितही सापडले. आणि १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून देवनागरी आवृत्ती काढली. सहाशे खिळ्यांचे जे स्वप्न १६०८ मध्ये एका पत्रात लिहिले गेले होते, ते साडेतीन शतकांनी असे पुरे झाले.

आपल्यासाठी

या चरित्रातून आपण काय घ्यावे? श्रद्धा प्रबळ असली म्हणजे आचरण आपोआप चांगले होते, असा निष्कर्ष आम्ही काढू इच्छित नाही. मिस्सा बंद करणाऱ्यांची स्वतःची श्रद्धा होती. मंदिरे पाडणाऱ्यांचीही होती. कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांचीही होती. त्यांच्यापैकी कोणीही श्रद्धेच्या अभावामुळे हात उगारला नाही. श्रद्धा माणसाला बळ देते, पण ते बळ कोठे लावायचे हे ठरते समोरच्या माणसाकडे आपण कोणत्या नजरेने पाहतो त्यावरून. फादर स्टीफन्स यांनी समोरच्यात शत्रू पाहिला नाही. ज्याची भाषा शिकण्याजोगी आहे आणि ज्याचा प्रश्न ऐकण्याजोगा आहे, असा माणूस पाहिला. त्यांच्या काळाच्या मर्यादा त्यांनाही होत्या, पण त्या मर्यादांच्या आत त्यांनी निवडलेले काम कोणाचे काही हिरावणारे नव्हते, ते देणारे होते.

आपल्या धर्मसभेने या बाबतीत पुढे पावले टाकली आहेत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये धार्मिक स्वातंत्र्याचा हक्क प्रत्येक माणसाच्या प्रतिष्ठेत रुजलेला आहे, असे घोषित केले. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी सत्याच्या सेवेच्या नावाखाली धर्मसभेच्या लेकरांकडून झालेल्या जुलमाबद्दल देवाची क्षमा मागितली. परिषदेमुळेच आज आपण मिस्सा मराठीत साजरी करतो. वेदीवरून आपल्या आईची भाषा ऐकू येते, तेव्हा आपल्याला त्यात काही विशेष वाटत नाही. पण साष्टीतील एका छोट्या खोलीत, दिव्याच्या उजेडात, एक परदेशी धर्मगुरू ओवीचा चरण जुळवत बसला होता, तेव्हा ही गोष्ट मुळीच सहज नव्हती.

म्हणून आपल्या प्रत्येक घरात, प्रत्येक धर्मग्रामात आपण स्वतःला विचारून पाहू या. जे आपण मानतो त्याने आपल्याला कोणाची भाषा शिकायला लावले? कोणता प्रश्न आपण गप्प न बसवता ऐकून घेतला? आपल्याहून वेगळ्या पंथाचा, वेगळ्या समजुतीचा माणूस अडचणीत सापडला, तेव्हा आपण त्याला जामीन राहिलो का? रविवारी म्हटलेल्या श्रद्धांगीकाराची परीक्षा सोमवारपासून या प्रश्नांच्या उत्तरांतच होत असते. फादर थॉमस स्टीफन्स यांनी आपले उत्तर चाळीस वर्षे लिहिले आणि ते अजून वाचले जात आहे.